सव्वा इंच, मुंढ्याखाली

४ ऑगस्ट

प्रिय ढब्बू,

आज सकाळी चादरीची घडी घालताना तुझी आठवण आली. शनिवारची दुपार, बोर्डिंगची धुण्याची खोली, साबणाच्या वाफेने ओल्या झालेल्या भिंती, आणि आपण दोघी एकाच चादरीची टोकं धरून समोरासमोर उभ्या. सिस्टर दारातून ओरडायच्या, "डावा हात वर!" तू तुझा डावा वर करायचीस, मी माझा, आणि चादरीला पीळ बसलाच म्हणून समज. चौथीपासून अकरावीपर्यंत, दर शनिवारी. एकदा सिस्टरनी छताकडे बघून विचारलं होतं, "या दोघी एका घरच्या कशा?" तू लगेच म्हणालीस, "सिस्टर, मी मामाची, ही आत्याची." तास संपेपर्यंत आपल्याला कोपऱ्यात उभं केलं होतं, ते वेगळंच.

आता मी चादर हनुवटीखाली धरून एकटी घडी घालते. हे मदतीला येतात, पण त्यांच्या हातात चादर दिली की ती कुठे विरलीय ते उजेडात धरून बघत बसतात.

हे सगळं मी का लिहितेय? कारण जे लिहायचंय ते लिहायला हात धजत नाही. रविवारच्या पत्राचं पहिलं वाक्य आठवतं ना? "मी इकडे खुशाल आहे." ते लिहिल्याशिवाय सिस्टर पाकीट देत नसत. तर मी इकडे खुशाल आहे, आणि माझ्या छातीत एक गाठ आहे.

मंगळवारी दुकानात एका बाईंचं जॅकेट अंगावर लावून बघताना टाचणी माझ्याच गळ्यातून आत पडली. ती शोधताना बोटाला जे लागलं ते टाचणी नव्हतं. डावीकडे, काखेच्या जरा अलीकडे. कोटाच्या बटणाएवढं, टणक. दुखत नाही. दुखलं असतं तर निदान ओरडता आलं असतं. टाचणी नंतर सापडली, चपलेत.

तेव्हापासून माझं काय चाललंय मलाच कळत नाही. आंघोळीच्या वेळी ती सापडते, आरशासमोर हरवते. मग वाटतं, बरगडीच असेल. बरगडी चाचपायला दुसरीकडे हात नेते, तिथे काहीच नसतं. दिवसातून दहा वेळा दार लावून घेते. काजवाली परवा म्हणाली, "बाई, तुम्हाला आत काही चावतंय का?" तिला तू बघितलं आहेस. बावीस वर्षं माझ्याकडे काजं-बटणं करतेय, कापडाला टाके घालते, पण जिभेला एकही नाही.

ह्यांना सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. ती इतक्या लांब, तिची नोकरी, तिची दोन मुलं. तू फोन करू नकोस. ह्यांच्या कानांमुळे आमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि आपलं बोलणं समोरच्या इमारतीलाही कळतं. पत्रच लिही.

एक विचारायचं होतं. मामी गेली तेव्हा तिला नेमकं काय झालं होतं? मी तेव्हा शिवणाच्या परीक्षेत होते. मला "पोटाचं दुखणं" एवढंच सांगितलं होतं. तिचा तो शेवटचा ब्लाऊज मी तीनदा उसवला, तरी तो एका बाजूला तंगच राहिला. त्याची अजून लाज वाटते. सहज आठवलं.

तुझी,
माऊ

९ ऑगस्ट

माऊ,

तुझं पत्र आज दुपारी आलं. तीनदा वाचलं. चादरीच्या पानावर हसले आणि पुढच्या पानावर खुर्चीत बसले.

उद्या सकाळी डॉक्टरकडे जा. गणवेशांचा हंगाम, अमक्याचा कोट, तमकीची बाही यातलं मला काही ऐकायचं नाही. पस्तीस वर्षं कॉलेजची लायब्ररी सांभाळली आहे. पुस्तक परत न आणणाऱ्यांची सगळी कारणं मला तोंडपाठ आहेत आणि तुझी त्याहून वेगळी नसणार.

आमच्या इतिहासाच्या बाईंना अशीच गाठ आली होती. सगळं कॉलेज हळहळलं. नुसतं पाणी निघालं. सुई घातली, पाणी काढलं, दुसऱ्या दिवशी बाई वर्गात हजर. बहुतेक गाठी साध्याच असतात. पण साधी आहे हे तू ठरवायचं नाहीस. तू कोट बेत.

आणि ते चाचपणं बंद कर. पिकलंय का बघायला फळ दाबत राहिलं तर ते दाबूनच खराब होतं.

आईचं विचारलंस. पोटाचंच दुखणं होतं. इतक्या वर्षांनी ते कशाला काढतेस? इकडे नळाला चार दिवस गढूळ पाणी येतंय. वरच्या मजल्यावरचा माणूस पुन्हा तबल्याच्या मागे लागलाय.

डॉक्टरकडून आलीस की त्याच दिवशी लिही.

ढब्बू

१७ ऑगस्ट

प्रिय ढब्बू,

गेले बाई, गेले. आणि सगळं ठीक आहे!

दवाखान्यात ही गर्दी. बाकांवर बायका, प्रत्येकीच्या मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात, जशा काही सगळ्या एकाच शाळेत शिकलेल्या. डॉक्टरीणबाई मला आत बोलावणार तेवढ्यात त्यांना कुणाच्या तरी ऑपरेशनसाठी जावं लागलं. मग त्यांच्या सहायक मुलीने विचारलं, "कुठे आहे?" सगळ्यांदेखत छाती कशी दाखवायची? मी घरूनच चिठ्ठी लिहून नेली होती. मापाच्या वहीत जसं लिहिते तसंच, कुठे, केवढी, सगळं. ती चिठ्ठी पुढे केली. तिने ती फॉर्मवर उतरवली आणि म्हणाली, "आधी सोनोग्राफी करून घ्या, मग रिपोर्ट बाईंना दाखवा."

सोनोग्राफीवाल्या बाईंचा आवाज फार गोड होता. दोन दिवसांनी रिपोर्ट मिळाला. दोष आढळला नाही. तसं स्पष्ट लिहिलंय, खाली सही, शिक्का. त्यात तो शब्दही छापलेला आहे, जो आपल्याला सिस्टरनी कधी उच्चारू दिला नाही. शाळेत हृदय शिकलो, फुप्फुसं शिकलो, जठराची आकृती काढून रंगवली, पण हा भाग आपल्या पुस्तकात नव्हताच. टाइप केलेला बघून मीच इकडेतिकडे पाहिलं.

तर ते झालं. आता आमच्याकडची मोठी बातमी म्हणजे इस्त्री. दुकानातली जड इस्त्री ह्यांनी "जरा साफ करतो" म्हणून उघडली आणि तिच्यातून तीन स्क्रू जास्तीचे निघाले. पाणीपुरवठ्यात आयुष्यभर नळ उघडलेला माणूस, त्याला वाटतं जगातली प्रत्येक वस्तू उघडता येते. आता ती कापड सोडून सगळं तापवते. मी काही बोलले नाही. मग ते मला विचारतात, "रागावलीस का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणतात, "मग बोलत का नाहीस?" मी म्हटलं, बोलतेय की. असं चाललंय. काल त्यांनी ती पुन्हा उघडली, आता स्क्रू चार.

शाळेच्या वाद्यवृंदाची सोळा जॅकेटं आली आहेत, लाल, सोनेरी काठाची. ढोलवाल्या मुलीची छाती आणि कंबर एकच आहे, तिचं माप घेताना आम्ही दोघी हसलो. आणखी काय? हवा छान आहे.

तुझी,
माऊ

२२ ऑगस्ट

माऊ,

सुटले. पत्र वाचून वरच्या तबलेवाल्याला जिन्यात "छान वाजवता हो" म्हणाले. तो घाबरला.

पण मी मेली लायब्ररीयन. पुस्तक आलं असं कुणी सांगितलं तरी पाठीवरचा नंबर स्वतः बघितल्याशिवाय ते कपाटात लावत नाही. त्या रिपोर्टची झेरॉक्स पाठव. आणि डॉक्टरीणबाईंनी तो बघितला का, ते तू लिहिलेलं नाहीस. इस्त्रीवर मात्र पाऊण पान आहे. तुला इस्त्रीबद्दल इतकं बोलताना मी जन्मात ऐकलं नाही.

ढब्बू

२८ ऑगस्ट

प्रिय ढब्बू,

सोबत झेरॉक्स. डॉक्टरीणबाईंना दाखवायचा राहिलाय. जॅकेटं आटपली की जाईन.

खुशाल आहे.

माऊ

२ सप्टेंबर

माऊ,

झेरॉक्स माझ्यासमोर टेबलावर आहे. बाजूला तुझं चार ऑगस्टचं पत्र आहे. मी दोन्ही एकावर एक ठेवून बघतेय.

तू लिहिलं होतंस, डावीकडे. रिपोर्टवर लिहिलंय, उजवा. फक्त उजवा. डाव्याचं नावही नाही.

म्हणजे ज्या बाजूला काही नव्हतं त्या बाजूला काही नाही, असं त्यांनी शिक्का मारून तुला लिहून दिलंय. ज्या कुणी हे केलं त्याला मी समोर उभं करून विचारणार आहे. तो दवाखाना आहे की चादरी घडी करायची खोली?

पण मला त्याहून एक वेगळीच शंका येते, म्हणून विचारते. त्यांनी तुझ्या छातीवर ते गार मलम लावलं असेल. कुठल्या बाजूला लावतायत ते तुला कळलं नाही?

उत्तर लगेच लिहू नकोस. आधी हे वाच.

तू आईबद्दल विचारलंस आणि मी नळाच्या पाण्याबद्दल लिहिलं. आईला पोटाचं दुखणं नव्हतं. हेच होतं. डाव्या बाजूला. तिला ते सापडलं तेव्हा ती सगळ्यात आधी माझ्याशी बोलली. मी एकोणीस वर्षांची. तिने माझा हात तिथे ठेवला आणि म्हणाली, "कुणाला सांगितलंस तर बघ." मी सांगितलं नाही. बाबांनाही नाही, आत्यालाही नाही. कुणी विचारलं तर पोट म्हणायचं, हे तिने मला शिकवलं. आठ महिने मी पोट म्हणत राहिले. शेवटी डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानंतर बाबांनीही पोटच म्हटलं. मग ते पोटच झालं.

तुझा तो ब्लाऊज. तू तीनदा उसवलास, आणि तिसऱ्यांदा तो घेऊन आलीस तेव्हा आई म्हणाली, "माप चुकलंय तुझं, अजून शिकायचीस." मी शेजारच्या खोलीत होते. माऊ, तुझं माप चुकलं नव्हतं. एक बाजू वाढत होती. तू ती टेपवर बरोबर पकडली होतीस आणि तिने तुला परत पाठवलं. मी उठून दाराशी यायला हवं होतं. नाही आले.

आता तू उठ.

ढब्बू

८ सप्टेंबर

प्रिय ढब्बू,

तू जे विचारलंस त्याचं उत्तर आधी देते, कारण नंतर देणार नाही. हो. कळलं होतं.

पण पहिली चूक खरोखरच चूक होती, ती तुला समजावून सांगते. दवाखान्याचा दोष नाही. चिठ्ठी माझीच होती. मी गिऱ्हाइकाचं माप समोर उभी राहून घेते. तिचा डावा खांदा माझ्या उजव्या हाताला येतो आणि चाळीस वर्षं मी वहीत तो "उ" असाच लिहिते. कापडही त्याच हिशोबाने टेबलावर मांडते, काजवालीही त्याच हिशोबाने बटणं लावते. आमच्या दुकानात "उ" म्हणजे बाईचा डावा, यात आजवर एक कोट चुकला नाही. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मी आरशासमोर टेप घेऊन उभी राहिले आणि आरशातल्या बाईचं माप घेतलं. तिच्याकडे बघणं सोपं होतं. गाठ बाईच्या डाव्या बाजूला, म्हणून सवयीने वहीत लिहिलं, "उ., मुंढ्याखाली दोन बोटं, सव्वा इंच." मुंढा म्हणजे बाही जोडतो ती जागा, तुला ते कळायचं नाही. चिठ्ठीवर मी तेच उतरवलं आणि "उ." चं सुवाच्य अक्षरात "उजवीकडे" केलं.

मग त्या गोड आवाजाच्या बाईंनी मलम लावलं. उजवीकडे. गार. त्यांनी विचारलं, "इथेच ना?" आणि मी म्हटलं, "हो."

का म्हटलं? मी रोज वेगळं कारण काढते. कधी वाटतं, आपल्याला बोलणाऱ्या मोठ्या माणसाची चूक काढायची सवय नाही म्हणून. कधी वाटतं, बाहेर बायका ताटकळत होत्या म्हणून. पण खरं असं आहे की माझं लक्ष त्या पडद्यावर गेलं. राखाडी, धुकं धुकं, आणि त्यात काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "बघा, छान आहे." मला ते फार आवडलं. मला वाटलं, थोडे दिवस हे माझ्याकडे असू दे. मग मी तुला इस्त्रीबद्दल लिहिलं. आणि झेरॉक्स पाठवली तेव्हा तू बघशील हे मला माहीत नव्हतं असं नाही, आणि होतं असंही नाही. मला आता कशाचंच नक्की काही सांगता येत नाही.

तुझं पत्र दुकानात आलं. मी वाचलं आणि उभीच राहिले. काजवाली म्हणाली, "कोण गेलं?"

"कुणी नाही. मी दवाखान्यात चिठ्ठीवर 'उ' लिहून दिला."

"मग? आपल्यात 'उ' म्हणजे बाईचा डावा."

"दवाखान्यात तसं नसतं."

तिने सुई कापडात खुपसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे भलत्याच बाजूचा कागद घेऊन तुम्ही तीन आठवडे पहिल्या नंबरने पास झाल्यासारख्या मिरवताय? काढा तो टेप गळ्यातला. चपला घाला. मी कुलूप लावते."

वाटेत तिने माझा दंड सोडला नाही. मी पळून जाईन असं तिला वाटलं असावं. मलाही वाटलं.

डॉक्टरीणबाई या वेळी होत्या. त्यांनी हात लावला आणि गाठ लगेच सापडली. मला रोज चकवणारी गाठ त्यांना एका क्षणात! त्यांनी माझी जुनी चिठ्ठी वाचली, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "आम्हीही पेशंटला समोरूनच बघतो, बाई. पण बाजू पेशंटची लिहितो." मी "सॉरी, सिस्टर" म्हणाले. खरंच म्हणाले. त्या हसल्या नाहीत, मला ते आवडलं.

दोन्ही बाजूंचे फोटो काढले. मग सुईने आतून तुकडा काढला. कागदाला पिन मारतात तसा खट् आवाज येतो, चार वेळा. मी काजवालीचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बोटात अंगठी रुतली. मी विचारलं, काय वाटतं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाटण्यावर मी काही सांगत नाही. एकोणीस तारखेला साडेअकराला या."

त्या संध्याकाळी ह्यांना सांगितलं. समोर बसवून, मोठ्याने. त्यांनी सगळं ऐकलं, उठून स्वयंपाकघरातला नळ बंद केला, जो सुरू नव्हताच, आणि परत येऊन म्हणाले, "मला वाटलं, तू इस्त्रीमुळे बोलत नाहीस." मग, "मी ती सातदा उघडली."

आता तुझ्या आईचं. तू जे लिहिलंस ते वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं, सांगू? आनंद. माझं माप बरोबर होतं! बेचाळीस वर्षं मी मनातल्या मनात तो ब्लाऊज उसवतेय. आणि दुसऱ्या क्षणी लाजेने मान खाली गेली. मामी मरत होती, तू एकोणीस वर्षांची पोर ते गिळून बसली होतीस, आणि मला आनंद कशाचा, तर मापाचा. मी तुझ्यावर रागावलेय की नाही, तेही समजत नाही. तू दाराशी आली असतीस तर काय झालं असतं? मी काय केलं असतं? ब्लाऊज सैल करून दिला असता बहुतेक. चौथ्यांदा.

रडू येतं ते भलत्याच गोष्टींवर. काल बासरीवाल्या मुलीची बाही अर्धा इंच लांब झाली, तर मी मागच्या खोलीत जाऊन रडले.

पण एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसतेय. मामी माझ्या मामाची बायको. तिचं रक्त माझ्यात नाही. तुझ्यात आहे. माझ्या फॉर्मवर "आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला" असा रकाना होता आणि मी खरेपणाने "नाही" लिहिलं. तू काय लिहितेस? तुझी तपासणी झालीय का? हो की नाही, तेवढंच कळव. रविवारचं पत्र नको.

माऊ

१२ सप्टेंबर

माऊ,

नाही.

कधीच नाही. सहा वर्षांपूर्वी आमच्या डॉक्टरांनी फोटो काढायला चिठ्ठी दिली होती. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, "काढला, ठीक आहे." ती चिठ्ठी शब्दकोशात खूण म्हणून घातलेली आहे. मी स्वतःला तिथे साबण लावतानासुद्धा हात लवकर उचलते. आईने माझा हात जिथे ठेवला होता तिथे तो अजून आहे.

तुला हुकूम सोडले, तुझी पत्रं एकावर एक ठेवून तपासली, दवाखान्यावर ओरडले. स्वतःचं मात्र कपाटच उघडलं नाही.

तुझं पत्र काल सकाळी आलं. काल दुपारी जाऊन फोटो काढून आले. बाई, काय ते दाबतात! पोळपाटावर ठेवल्यासारखं. मी तिथल्या मुलीला म्हटलं, "अगं, हे पुस्तक नाही, बांधणी सुटेल." ती हसली आणि अजून जोरात दाबलं.

रिपोर्ट आज आणला. तो अजून बंद आहे. चार वेळा हातात घेतला. शेवटी शब्दकोश आणि नकाशांच्या पुस्तकाच्या मधे उभा करून ठेवला. तिथे मी आपणहून हात घालत नाही.

अठराच्या सकाळच्या बसने निघते, दुपारी तुझ्याकडे. पाकीट घेऊन येते. तुझ्या ह्यांना म्हणावं, इस्त्री मी बघते.

ढब्बू

१६ सप्टेंबर

प्रिय ढब्बू,

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही, तू निघायच्या आत पोचणार नाही. परवा तू आलीस की हातात देईन. तोंडाने सांगायला गेले तर मी हवापाण्यावर घसरेन आणि तू मला घसरू देशील. म्हणून लिहूनच.

सकाळपासून उरलेल्या कामांची यादी करायला बसले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की ऑपरेशन करावं लागलंच तर काही आठवडे डावा हात वर होणार नाही, आणि डाव्या हाताने कापड धरल्याशिवाय उजव्याची कात्री काय कामाची? त्या यादीत मग भलत्याच गोष्टी शिरल्या. कुठली यादी कुठे संपते ते मला आता कळत नाही, तू लाव.

लाल जॅकेटं तयार आहेत, सोळाच्या सोळा. ती बँडमास्तरांच्याच हातात द्यायची, शाळेच्या शिपायाकडे नाही. ढोलवाल्या मुलीच्या जॅकेटात आतून कापड जास्त ठेवलंय. तिच्या आईला सांग, दोन वर्षांनी सैल करून मिळेल. कोण करून देईल, ते विचारलं तर काजवालीचं नाव सांग.

मोठी कात्री काजवालीला. मी बरी निघाले तरी तिलाच. तिने ती बावीस वर्षांत एकदाही न विचारता उचललेली नाही, त्याचा मला आता राग येतोय. पायाचं मशीन ह्यांना. शिवता येत नाही, पण तेल घालायला काहीतरी हवंच, आणि ते उघडून पुन्हा जोडता येतं.

मापाच्या वह्या. एकतीस आहेत. त्या कुणाला म्हणून द्यायच्या नाहीत, काजवालीलाही नाही. त्यात बायका आहेत, ढब्बू. कोण कधी वाळली, कोण कधी सुटली, कुणाच्या पोटात मूल होतं जे कुणाला सांगितलं नव्हतं, सगळं इंचांत आहे. ज्या येतील त्यांचं पान फाडून त्यांच्या हातात द्यायचं. ज्या आता नाहीत, त्यांची पानं न वाचता फाडायची. तू वाचशील हे मला माहीत आहे, म्हणून हे काम ह्यांना सांगायचं. त्यांना माझं अक्षर लागत नाही.

माझा करडा कोट लेकीला. तिला तो मोठा होईल, तिने तो कुणाकडून बेतून घेऊ नये, तसाच घालावा.

आता वस्तू संपल्या. बातमी कुणाला कशी द्यायची ते.

लेकीला एकोणीसलाच, दिवस मावळायच्या आत, जे निघेल ते सगळं. "आई जरा दमलीय" असलं काही नाही. तिने विचारलं की किती दिवस माहीत होतं, तर चार ऑगस्टच्या आधीचा मंगळवार सांगायचा, आणि मधले तीन आठवडे मी काय केलं तेही. ती रागावेल. रागावू दे. ह्यांना समोर बसवून, ओठ दिसतील असं. अर्धं सांगितलं तर ते उरलेलं अर्धं स्वतः जोडतात, आणि त्यांच्याकडे नेहमी स्क्रू जास्तीचे उरतात. काजवालीला सांगताना तिच्या हातातली सुई आधी काढून घ्यायची. शेजारणींनी विचारलं तर छातीचं आहे म्हणायचं. शब्द उच्चारायचा. जमलं नाही तर मला बोलाव, मी उच्चारीन. परवापासून आरशासमोर सराव चाललाय. काल ह्यांनी ऐकला, म्हणाले, "काय म्हणालीस?" मी पुन्हा म्हटला.

आणि शेवटचं. दोन पाकिटं आहेत, एक तू आणशील, एक मला साडेअकराला मिळेल. आपण दोघी दुसरीच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून बघतो, स्वतःच्या बाबतीत दोघींवर काडीचा भरवसा नाही. तेव्हा आपापलं पाकीट कुणी उघडायचं नाही. दवाखान्याच्या बाकावर, डॉक्टरीणबाईंनी आत बोलवायच्या आधी, तुझं माझ्या हातात द्यायचं आणि माझं तू घ्यायचंस. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचायचं, दोन्ही बाजू, काही गाळायचं नाही. मग मान वर करून मोठ्याने सांगायचं. आधी तू.

माऊ